देह तसा वेश

वाचकहो, या पानावर आपली दरमहा भेट होते ती बहुधा घरातल्या किंवा अंगणातल्या एखाद्या विषयाच्या निमित्ताने. आज थोडे दूर, समुद्राच्या पोटात जावयाचे आहे. निमित्त मात्र घरचेच आहे. आणि त्यात या मासिकाची, अधिक खरे सांगावयाचे तर प्रस्तुत लेखकाची, एक चूकही गुंतलेली आहे. ती प्रथम कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मासिकात भारताच्या किनाऱ्यांवरील सागरी पर्यटनाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. मूळ लेख इंग्रजीत होता. मराठी भाषांतर माझे. अंदमानातील स्वराज द्वीप, लक्षद्वीपातील कदमत, कर्नाटकात मुरुडेश्वरासमोरचे नेत्राणी, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली, अशा ठिकाणी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली कसे जाता येते, त्याचे वर्णन त्यात होते. लेखाच्या अखेरीस एक वाक्य होते : ‘पाण्यात उतरण्याचा पोशाख तेथेच भाड्याने मिळतो, सर्व मापे उपलब्ध असतात.’ हे वाक्य मी दोनदा तपासले. कर्ता आणि क्रियापद जुळतात की नाही हे पाहिले. वाक्य खरे आहे की नाही, हे मात्र पाहिले नाही.

माझी थोरली बहीण इंदूरच्या एका शाळेत भूगोल शिकविते. वय ४८. अंगाने ती लहानपणापासूनच स्थूल. चाळिशीत पोहावयास शिकली आणि आता सकाळी तलावात न थांबता वीस-वीस फेऱ्या मारते. प्रवाळाची बेटे कशी तयार होतात, हे तिने वीस वर्षे फळ्यावर खडूने काढून दाखविले. प्रत्यक्ष प्रवाळ मात्र कधी पाहिला नव्हता. तो लेख वाचून तिने मनाशी ठरविले. डॉक्टरांकडून हृदय, फुप्फुसे, कान तपासून घेतले, लेखी दाखला घेतला आणि दिवाळीच्या सुटीत शाळेतील दोन सहकारी शिक्षिकांसह ती एका बेटावर गेली.

तेथे काय झाले ते तिने मला पत्राने कळविले. पोशाख देणाऱ्या मुलाने एकामागून एक चार पोशाख पुढे केले. पहिले दोन मांड्यांच्या वर आले नाहीत. तिसरा कमरेपर्यंत आला. चौथा अंगात गेला, पण पाठीवरची झिप अर्ध्यावर थांबली. मुलगा उद्धट नव्हता. तो एवढेच म्हणाला, “मॅडम, इससे बड़ा नहीं आता. अगली बार थोड़ा वज़न कम करके आइए.” सहकारी शिक्षिका पाण्यात उतरल्या. ताई त्यांचे चष्मे आणि घड्याळे सांभाळीत होडीत बसून राहिली. पत्रात तिने लिहिले होते, ‘तुझ्या मासिकात सर्व मापे असतात असे छापले होते. त्या सर्वांत मी बसत नाही असे दिसते.’ आणि शेवटी, जणू सहज म्हणून, एक ओळ : ‘रात्रीचे जेवण सोडले आहे.’

वाचकहो, ती शेवटची ओळ वाचून मला झोप लागली नाही. मी तिला उलट टपाली लिहिले, ‘ताई, जेवण सोडण्यापूर्वी तो पोशाख म्हणजे काय आहे, ते आपण दोघे मिळून पाहू.’ त्यानंतरच्या चार महिन्यांत आम्ही जे पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरात कोणी अंगाने थोर असेल आणि त्याला किंवा तिला समुद्राची ओढ असेल, तर त्याचा उपयोग होईल.

या पोशाखास ‘वेटसूट’ म्हणतात. वेट म्हणजे ओला. आणि नाव अन्वर्थक आहे, कारण हा पोशाख अंग कोरडे ठेवीत नाही. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. आपले शरीर ३७ अंशांचे. म्हणून २७-२८ अंशांच्या, हाताला कोमट वाटणाऱ्या पाण्यातही बराच वेळ राहिले की माणूस कुडकुडू लागतो. १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी या प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. पाणबुड्याला उबदार ठेवण्यासाठी त्याला कोरडे ठेवण्याची गरज नाही, असे त्यांना दिसून आले. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यू पाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० सालीच तयार केले होते. त्याचा फेसाळ प्रकार घेतला, तर त्यात वायूचे असंख्य बारीक बंद बुडबुडे असतात. ऊब राखतात ते हे बुडबुडे. कातडी आणि पोशाख यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ थर शिरतो. शरीर तो तापविते. आणि ते पाणी तेथेच राहिले, तर पुन्हा पुन्हा उष्णता खर्च करावी लागत नाही.

‘तेथेच राहिले तर’ या शब्दांत मापाचे सारे शास्त्र आले. पोशाख सैल असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर आतले तापलेले पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. मग तो अंगात असून नसल्यासारखा. आपल्या घरांत मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवण्याची चाल आहे. सैलपणा हा तेथे गुण आहे. येथे तो दोष आहे.

उलट पोशाख फार आवळला, तर त्याहून वाईट. छाती पुरती फुलत नाही. पाण्याखाली श्वास संथ आणि खोल हवा, तो उथळ व जलद होतो आणि नळकांड्यातील हवा लवकर संपते. गळ्यापाशी तर अधिकच जपावे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब जाणणारी स्थाने असतात. तेथे सतत दाब पडला, तर हृदयाचे ठोके मंदावून घेरी येऊ शकते. म्हणजे जी झिप अर्ध्यावर अडली, ती कोणी जोर लावून वर ओढली नाही, हे ताईच्या दृष्टीने बरेच झाले.

मग प्रश्न असा की, मोठ्या अंगाला मोठे माप एवढे साधे उत्तर का चालत नाही? त्याचे कारण मापे वाढविण्याच्या रीतीत आहे. तयार कपड्यांचा कारखाना एका मधल्या अंगलटीवर मूळ बेत आखतो आणि तोच कागद ठराविक प्रमाणात वाढवीत पुढची मापे काढतो. माणूस मात्र असा प्रमाणात वाढत नाही. कमरेचा घेर दहा इंचांनी वाढला, म्हणून कोणाचे हात लांब होत नाहीत की मनगटे दुप्पट होत नाहीत. त्यामुळे पोटाला पुरणारा पोशाख खांद्यांवर लोंबतो, बाह्या बोटांवर येतात, घोट्यांपाशी चुण्या पडतात आणि बगलेत पाण्याची पिशवी होते. स्त्रियांची अडचण आणखी मोठी. त्यांच्या बेताची मोठी मापे दुकानात नसली, की पुरुषांचा पोशाख हाती दिला जातो. तो नितंबांवर आवळतो आणि खांद्यांत सैल पडतो; म्हणजे दोन्ही दोष एकाच वस्त्रात येतात.

आणि हे केवळ स्थूल माणसांच्याच वाट्याला येते असेही नाही. ब्रॅडनर आपल्या पोशाखाची जुळवाजुळव करीत होते, त्याच सुमारास अमेरिकेच्या विमानदलात ४,०६३ वैमानिकांची मापे घेण्यात आली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापे निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, ते शोधले. १९५२ च्या त्याच्या अहवालातील उत्तर होते : एकही नाही. सरासरी माणूस कागदावर असतो. विमानात किंवा होडीत तो कधीच येऊन बसत नाही. आपल्या देशातही भारतीय अंगलटीचा स्वतंत्र मापतक्ता हवा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील सुमारे २५,००० स्त्रीपुरुषांची मापे घेण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेने.

हे सारे मी ताईला लिहिले. तिचे उत्तर आले ते माझ्या पांडित्यापेक्षा शहाणपणाचे होते. ती लिहिते, ‘अरे, हे तर ब्लाउजसारखेच झाले की. माझा ब्लाउज कधी दुकानातून तयार आणलेला आठवतो का तुला? तो शिवून घेतात. बसला नाही, तर शिवणाऱ्या काकूंना परत नेऊन देतात. माझे खांदे चुकले, असे काकू आजवर कधी म्हणाल्या नाहीत.’

वाचकहो, विचार करून पाहा. अंगाला चपखल बसलेच पाहिजे असे एक वस्त्र आपल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या आहे. ते माणसाच्या मापाने शिवले जाते आणि बिघडले तर दोष शिवणीला दिला जातो. पाणबुड्याचा पोशाखही त्याच जातीचा आहे. तो चढला नाही, तर चूक पोशाखाच्या मापाची. हे ध्यानात येताच ताईच्या पत्रांचा सूर बदलला, हे मी मोठ्या समाधानाने नमूद करतो.

असे पोशाख शिवणाऱ्या स्त्रियाही होऊन गेल्या आहेत. अमेरिकेत लाँग बीच येथे राहणाऱ्या डॉटी फ्रेझर १९५५ साली स्कूबा शिकविण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. त्या देशातील पहिल्या स्त्री-शिक्षिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी पुढे स्वतःचे दुकान काढले आणि तेथे पाणबुड्यांचे पोशाख बेतून शिवले. २०२२ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिकविणारी व्यक्तीच शिवणारी असली, की पाण्यात नेमके कोठे ओढते आणि कोठे फुगते, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी सांगतो.

प्रथम जाडी. निओप्रीनचे पोशाख साधारणतः २ ते ७ मिलिमीटर जाडीचे असतात. जाड कापड ताणत नाही; पातळ ताणते. आपल्याकडील समुद्र उबदार असल्याने ३ मिलिमीटरचा पोशाख बहुतेकांना पुरतो. शिवाय शरीरातील चरबी हे स्वतःच एक अस्तर आहे. स्थूल माणसाला सडपातळ माणसापेक्षा थंडी उशिरा वाजते. थोड्या वेळाची बुडी असेल, तर लायक्राचा ताणणारा पातळ पोशाखही चालतो. खडकांचे ओरखडे आणि जेलीफिशचा दाह यांपासून तो अंग राखतो. त्या दिवशी ताईला तेवढे कोणी सुचविले असते, तरी तिची बुडी चुकली नसती. तिला ते ठाऊक नव्हते आणि त्या मुलालाही सुचले नाही.

दुसरी गोष्ट, रचना. एकसंध पोशाखापेक्षा दोन तुकड्यांचा पोशाख, म्हणजे उंच कमरेची विजार आणि वर पुढून झिप असलेले जाकीट, स्थूल व्यक्तीस अधिक सोयीचा. वरचे माप एक आणि खालचे दुसरे, असे घेता येते. पाठीवरच्या झिपेपेक्षा पुढची झिप आपली आपल्याला लावता येते. घोट्यांपाशी आणि मनगटांपाशी लहान झिपा असतील, तर पाय व हात घालणे फार सुलभ होते. विजारीलाच बंडी जोडलेली असाही एक प्रकार असतो. त्यात पोटावर आणि छातीवर कापडाचे दोन थर येतात. थंड पाण्यात तो चांगला, आपल्याकडे बहुधा अनावश्यक.

तिसरी गोष्ट, मापे. एका उत्पादकाचे ‘एक्सएल’ दुसऱ्याच्या ‘एक्सएल’शी जुळेल असा भरवसा नाही. म्हणून अक्षर पाहू नये, इंच पाहावेत. स्थूल व्यक्तींसाठी वेगळा बेत आखणारे उत्पादक परदेशांत आहेत; मापे मागवून त्यांनुसार शिवून देणारेही आहेत. शिवून घेण्यास खर्च अधिक येतो आणि वेळही लागतो. परंतु ज्याचे अंग कोणत्याच तक्त्यात बसत नाही, त्याला दोन न बसणाऱ्या तयार पोशाखांपेक्षा एक शिवलेला पोशाख स्वस्तच पडतो. मापे घेताना अंगावर पातळ, घट्ट वस्त्र असावे. गळा, छाती, कंबर, पोटाचा सर्वांत मोठा घेर, नितंब, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, दंड, कोपर, मनगट; शिवाय हातांची व पायांची लांबी. आणि एक माप शिंपी सहसा घेत नाही, ते विसरू नये : खांद्यावरून पुढे खाली, दोन पायांमधून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हे माप चुकले, तर पोशाख खांदे खाली ओढतो आणि दिवसभर माणूस वाकल्यासारखा चालतो. मापे दुसऱ्या कोणाकडून घ्यावीत, दोनदा घ्यावीत आणि पोट आत ओढून घेऊ नये. पाण्यात पोट आत ओढून कोणी पोहत नाही.

आमच्याकडून येथे एक चूक झाली. ताईची मापे त्याच ब्लाउज शिवणाऱ्या काकूंनी घेतली. हात त्यांचा मुरलेला; परंतु मोजपट्टीखाली एक बोट धरून माप घेण्याची त्यांची सवय. ब्लाउजात श्वास घ्यावयास तेवढी जागा हवीच. तीच सवय प्रत्येक मापात उतरली. पोशाख शिवून आला, सहज चढला, आणि ताईने आनंदाने मला छायाचित्र पाठविले. पुढच्या रविवारी तो घालून ती तलावात उतरली, तो पाठीच्या खोलगट भागातून गार पाण्याचा ओघळ वाहू लागला. पोशाख परत पाठविला. पाठीत आणि दंडांत आत घेऊन तो महिन्याने आला. या वेळी चढविण्यास पंधरा मिनिटे लागली आणि ताईला शंका आली, की आता फारच घट्ट झाला. परंतु नवा पोशाख जमिनीवर असाच वाटावयाचा. पाण्यात तो थोडा सैलावतो.

मग योग्य माप ओळखावे कसे? पोशाख घालून उकिडवे बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, पूर्ण श्वास घ्यावा. श्वास अडता कामा नये. गळ्यापाशी दोन बोटे जावीत. बगलेत, पाठीच्या खळग्यात आणि जांघेत पोकळी राहू नये. बोटे बधिर होऊ लागली, तर मनगट आवळते आहे, असे समजावे. या चार-पाच कसोट्यांना पोशाख उतरला, तर वर लिहिलेले अक्षर कोणतेही असो, ते माप आपले.

घालण्याचीही एक रीत आहे. पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय आत घालावा. तो सरकन जातो. हातांचेही तसेच. विजार प्रथम गुडघ्यांपर्यंत नीट बसवावी, मग मांड्या, मग जांघ. खालचा भाग पुरता वर आल्याशिवाय कमरेच्या वर ओढू नये. बोटांच्या पेरांनी ओढावे. नखांनी निओप्रीन फाटते. घाई करू नये आणि मदत मागण्यात संकोच मानू नये. सडपातळ माणसेही होडीत एकमेकांच्या झिपा लावीतच असतात. वापरानंतर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत, रुंद खांद्याच्या हँगरवर वाळत घालावा. उन्हाने निओप्रीन कडक होते.

आता वजनाविषयी; पण ते शिशाच्या वजनांविषयी. निओप्रीनमधील बुडबुड्यांमुळे पोशाख तरंगतो. पोशाख मोठा, तर कापड अधिक आणि तरंगणेही अधिक. चरबीही पाण्यापेक्षा हलकी. म्हणून स्थूल पाणबुड्याला खाली जाण्यासाठी कमरेस थोडे अधिक शिसे बांधावे लागते. परंतु दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पोशाखातील बुडबुडे दबतात, कापड पातळ होते आणि त्याचे तरंगणे कमी होते. तेव्हा अंदाजाने शिसे बांधणे धोक्याचे. उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात प्रशिक्षकासमोर परीक्षा घ्यावी : जाकिटातील हवा काढून, नेहमीचा श्वास रोखून उभे राहिले असता पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. नळकांडे भरलेले असेल, तर त्यावर सुमारे २ किलो अधिक धरावेत, कारण हवा संपत आली की ते हलके होते. तलावातील हिशेब समुद्रात चालत नाही; खारे पाणी अधिक उचलते.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. येथवरच्या लिखाणाचा अर्थ प्रकृतीकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. पाण्याखाली जाण्यापूर्वी डॉक्टरी तपासणी प्रत्येकाने करावी. हृदयाचा, रक्तदाबाचा, दम्याचा विकार असल्यास तर अवश्य करावी. वजन कमी करावे की नाही, हे त्या तपासणीतून ठरू द्या. ते भाड्याच्या पोशाखाच्या झिपेने ठरविण्याचे कारण नाही.

फेब्रुवारीत ताई तारकर्लीस गेली. निघण्यापूर्वी तिने तेथे दूरध्वनी करून तीन प्रश्न विचारले : स्वतःचा पोशाख आणला तर चालेल काय, हवेच्या जाकिटाचे मोठे माप आहे काय, आणि पट्टा किती इंचांपर्यंत वाढतो. हे तीन प्रश्न आपणही विचारावेत. कारण पोशाख बसला तरी जाकीट न बसल्याने अडून राहावे लागते. मी काही गेलो नाही. कचेरीत अंकाचे काम होते. चार दिवसांनी मालवणच्या शिक्क्याचे पाकीट आले. त्यात तिने लिहिले होते : ‘आठ मीटर खाली गेले. पाठीतून पाणी आले नाही. पहिल्यांदा वर येण्याची घाई झाली, मग श्वास लागला तसा जीव शांत झाला. फळ्यावर मी प्रवाळ नेहमी लाल खडूने काढीत असे. येथला मातकट आहे, थोडा पिवळसर, काही ठिकाणी हिरवट. मुलांना आता खडू बदलून दाखवीन. रात्री भात आणि सोलकढी दोनदा घेतली.’

ते पत्र मी टेबलाच्या खणात ठेवले आहे.

राहिली माझी चूक. ज्या वाक्याने ताईला होडीत बसविले, ते वाक्य आज या पानावर दुरुस्त करतो. वाचकांनी ते असे वाचावे : ‘पोशाख भाड्याने मिळतात; कोणती मापे आहेत ती इंचांत आधी विचारून घ्यावीत, आणि नसल्यास पर्याय विचारावा.’ हे पान किनाऱ्यावरील व्यावसायिकांच्या हाती पडले, तर त्यांनाही एक विनंती : आपल्याकडील सर्वांत मोठ्या पोशाखाची मापे फलकावर लिहून ठेवा आणि दोन-चार मोठे, ताणणारे पोशाख संग्रही ठेवा. खर्च थोडा आहे. होडीत चष्मे सांभाळीत बसलेल्या माणसाला पाणी दाखविण्याचे पुण्य मात्र मोठे आहे.

आणि भाषांतर करताना ‘सर्व’ हा शब्द समोर आला, की हल्ली मी लेखणी खाली ठेवतो आणि त्यात कोण राहून गेले, ते आधी मोजतो.